पोस्टकार्ड, कुलूप आणि जर्मनीतला एकटा वर्नर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये हेडफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना झालेली थोडी बडबड कापली आहे, सगळी नाही.

सुरुवात माझ्याच फजितीने करते. मध्यंतरी भाड्याचं घर शोधत होते. एजंट म्हणाला, ‘मॅडम, आधार, पॅन आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मेल करा.’ मी म्हटलं, आपण शहाण्यासारखं वागू. सगळ्या फाइली एकत्र केल्या, जीपीजी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट केल्या, मेल केल्या आणि पासवर्ड फोनवर सांगितला. दहा मिनिटांत मेसेज आला : ‘फाइल उघडत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो टाका ना.’

टाकले. काय करणार, घर हवं होतं.

पण त्या रात्री मी या जीपीजीचा इतिहास वाचत बसले, आणि आजचा भाग तिथूनच आला. कारण जे सॉफ्टवेअर आमच्या एजंटला दहा मिनिटं सहन झालं नाही, त्याच्यासाठी एका माणसाच्या मागे अमेरिकन सरकारची चौकशी तीन वर्षं लागली होती. आणि दुसऱ्या एकाने त्यापायी उमेदीची वर्षं तुटपुंज्या कमाईवर काढली.

आधी एक साधी गोष्ट. तुमच्या आजीला विचारा, पोस्टकार्ड आणि आंतरदेशीय पत्र यात फरक काय. ती सांगेल, पोस्टकार्ड पोस्टमनपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे वाचायचे. म्हणून ‘सर्व खुशाल’ एवढंच कार्डावर, आणि घरातली भांडणं बंद पत्रात. साधा ईमेल हा मुळात पोस्टकार्ड आहे. आज वाटेत त्याला बऱ्याचदा संरक्षण असतं, पण ज्या कंपनीच्या सर्व्हरवर तो पडून राहतो, तिला तो वाचता येतोच. १९९१ मध्ये तर वाटेतही काही नव्हतं.

हीच पोस्टकार्डाची उपमा फिल झिमरमन या अमेरिकन प्रोग्रामरने वापरली होती. हा कोलोरॅडोतल्या बोल्डर गावचा, अण्वस्त्रविरोधी चळवळीतला कार्यकर्ता. आंदोलनं करणाऱ्या लोकांना सरकारी नजरेपासून दूर बोलता यावं, हे त्याच्या डोक्यात बरीच वर्षं होतं. १९९१ च्या जानेवारीत अमेरिकी सिनेटमध्ये एक विधेयक आलं, क्रमांक २६६. मांडणारे सिनेटर होते जो बायडन, हो, तेच. त्यात एक कलम असं होतं की संदेशवहनाच्या यंत्रणा पुरवणाऱ्यांनी सरकारला गरज पडल्यास मूळ मजकूर मिळेल अशी सोय ठेवावी. ते कलम पुढे टिकलं नाही. पण झिमरमनला वाटलं, उद्या हे बेकायदाच ठरलं तर? मग त्याआधीच घरोघरी पोचवलं पाहिजे. कामाच्या नादात घराच्या कर्जाचे हप्ते थकले, आणि १९९१ च्या जूनमध्ये पीजीपी बाहेर आलं. ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’. नावातच नम्रपणा बघा : ‘बऱ्यापैकी बरी’ गोपनीयता! फुकट आणि सोर्स कोडसकट.

आता हे चालतं कसं, ते दोन मिनिटांत. समजा, मी बाजारातून एकसारखी शंभर कुलपं आणली, सगळ्यांची किल्ली एकच, आणि ती फक्त माझ्याकडे. उघडी कुलपं मी गावभर वाटली. तुम्हाला मला काही पाठवायचंय? पेटीत घाला, माझं कुलूप दाबून बंद करा, द्या पाठवून. बंद कुणीही करेल, उघडेन फक्त मी. हे उघडं कुलूप म्हणजे पब्लिक की, आणि किल्ली म्हणजे प्रायव्हेट की. ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये जगापुढे मांडली, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन या तिघांनी ती गणितात बसवली. तेच ते आरएसए. गंमत म्हणजे ब्रिटनच्या गुप्तचर खात्यात क्लिफर्ड कॉक्स नावाच्या तरुणाने हेच १९७३ मध्ये शोधलं होतं, पण ते गुपित असल्याने १९९७ पर्यंत बिचाऱ्याला जाहीरपणे सांगताही आलं नाही.

झिमरमनने यात नवीन गणित शोधलं नाही. उलट पहिल्या आवृत्तीत त्याने स्वतः बनवलेली एक सांकेतिक पद्धत घातली होती, आणि तज्ज्ञांनी ती बघता बघता मोडीत काढली. म्हणून १९९२ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने ती फेकून तज्ज्ञांनी बनवलेली आयडिया नावाची पद्धत घेतली. मला हा भाग फार आवडतो. माणसाने चूक मान्य केली आणि महिन्यांच्या हिशेबात दुरुस्त केली.

मग आलं संकट. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा मजबूत एन्क्रिप्शन हे शस्त्रांच्या यादीत होतं. रणगाडे, क्षेपणास्त्रं आणि... सॉफ्टवेअर. ढोबळमानाने ४० बिटांपेक्षा मोठी चावी असेल तर परवान्याशिवाय निर्यात बंद. पीजीपीची चावी होती १२८ बिटांची, आणि इंटरनेटवरून ते केव्हाच जगभर गेलं होतं. १९९३ च्या फेब्रुवारीत चौकशी सुरू झाली : हा माणूस विनापरवाना शस्त्रं निर्यात करतोय!

आता या कायद्याचा वेडेपणा बघा. फिल कार्न नावाच्या इंजिनिअरने सरकारला विचारलं, क्रिप्टोग्राफीचं हे छापील पुस्तक मी देशाबाहेर पाठवू का? उत्तर आलं, खुशाल पाठवा. मग त्याने विचारलं, त्याच पुस्तकातला कोड फ्लॉपीवर घालून पाठवू का? उत्तर : नाही, ते शस्त्र आहे.

कागदावर विचार, फ्लॉपीवर बॉम्ब. ही फट दिसल्यावर झिमरमनच्या बाजूचे लोक गप्प बसणार होते थोडेच! १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा अख्खा सोर्स कोड पुस्तक म्हणून छापला. पुस्तकाला तर राज्यघटनेचंच संरक्षण. १९९७ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या वेळी तर कळसच झाला. सहा हजारांहून जास्त पानं छापली, ती पुस्तकं रीतसर, कायदेशीरपणे युरोपात नेली, आणि तिथे सत्तरेक स्वयंसेवकांनी हजारेक तास खपून एकेक पान स्कॅन केलं, चुका तपासल्या, आणि पुन्हा चालणारं सॉफ्टवेअर उभं केलं. आपण एक पीडीएफ डाउनलोड व्हायला आठ सेकंद लागली तर वैतागतो.

झिमरमनवरची चौकशी १९९६ च्या जानेवारीत बंद झाली. आरोपपत्रच दाखल झालं नाही. २००० पर्यंत निर्यातीचे नियमही बरेच सैल झाले.

आता कॅमेरा जर्मनीकडे. (पॉडकास्टमध्ये कॅमेरा कुठून आला, विचारू नका.)

पीजीपीची एक अडचण होती. कोड दिसत असला तरी ते पूर्ण मुक्त नव्हतं. आरएसएवर अमेरिकेत पेटंट, आयडियावर युरोपात पेटंट, आणि १९९७ च्या शेवटी झिमरमनची कंपनी एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन युरोपात भाषण देत होते. ते म्हणाले, अमेरिकेत बसून आम्ही हे लिहिलं तर निर्यात करू शकत नाही, तुम्ही युरोपातले लोक का नाही लिहीत? श्रोत्यांत वर्नर कोख नावाचा एक जर्मन प्रोग्रामर होता. त्याने ते मनावर घेतलं. काही महिन्यांत, १९९७ च्या डिसेंबरमध्ये, पहिली कच्ची आवृत्ती लोकांपुढे. नाव ठेवलं जी-टेन. जर्मन राज्यघटनेचं दहावं कलम पत्रव्यवहाराच्या गोपनीयतेचं आहे, आणि त्या कलमाला बगल द्यायची मुभा गुप्तचरांना देणाऱ्या कायद्याचं नावही जी-टेनच! टोमणा मारावा तर असा. पुढे त्याचं नाव झालं जीएनयू प्रायव्हसी गार्ड, म्हणजे आपलं जीपीजी. १९९९ मध्ये पक्की पहिली आवृत्ती आली. कोड कुणीही वाचा, बदला, वाटा.

त्याच १९९९ मध्ये ॲल्मा व्हिटन आणि डग टायगर या दोन संशोधकांनी आपला एक प्रयोग जगापुढे मांडला. बारा जणांना पीजीपीची त्या वेळची आवृत्ती दिली, नव्वद मिनिटं दिली, आणि सांगितलं, एक गुप्त निरोप सही करून, एन्क्रिप्ट करून पाठवा. बारांपैकी चारच जणांना जमलं. तिघांनी तर गुपित चुकून उघडंच पाठवून दिलं! अडाणी नव्हते ते, ईमेल रोज वापरणारे लोक होते. म्हणून मी आमच्या एजंटला फार दोष देत नाही.

आता, ‘ओपन सोर्स म्हणजे सुरक्षित, कारण हजारो डोळे बघतात’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. अर्धसत्य आहे. २००० मध्ये जीपीजीचा वेग वाढवायला एका प्रकारच्या चाव्यांसाठी आतले काही आकडे लहान ठेवले गेले. जवळपास चार वर्षं ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. कोड उघडा होता, पण वाचलाच नाही ना कुणी! २००३ मध्ये फाँग गुयेन या संशोधकाने तो नीट वाचला आणि दाखवून दिलं की अशा चावीने केलेली एक सही मिळाली, की सेकंदाच्या आत मूळ खासगी चावी निघते. घराची किल्लीच चोराच्या हातात. सुदैवाने अशा चाव्या वापरणारे थोडे होते. कोखने ते जाहीर केलं, माफी मागितली, त्या चाव्या ताबडतोब रद्द करा म्हणून सांगितलं, आणि तो प्रकारच काढून टाकला. उघड्या कोडचा फायदा असलाच तर एवढा, की गुयेनला तो वाचायला कुणाची परवानगी लागली नाही.

पुढची गोष्ट तुम्ही सिनेमात पाहिली असेल. डिसेंबर २०१२. एडवर्ड स्नोडेन टोपणनावाने पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्डला मेल करतो : तुमच्याशी बोलायचंय, पण आधी पीजीपी बसवा. ग्रीनवाल्डला ते किचकट वाटतं. स्नोडेन त्याच्यासाठी सगळं समजावणारा व्हिडिओसुद्धा बनवतो. तरी नाही! शेवटी तो लॉरा पॉइट्रस या फिल्ममेकरकडे गेला, जिला एन्क्रिप्शन वापरता येत होतं. त्या दशकातली सगळ्यात मोठी बातमी ‘सेटअप कटकटीचा आहे’ या कारणापायी अडकली होती.

आणि ज्या सॉफ्टवेअरवर हे सगळं चाललं होतं, ते सांभाळणारा वर्नर कोख? तो ड्युसेलडॉर्फजवळच्या एर्कराथ गावात घरून काम करत होता, आणि २०१३ च्या सुरुवातीला हे काम सोडून नीट पगाराची नोकरी धरायच्या विचारात होता. तेवढ्यात स्नोडेनच्या बातम्या आल्या, आणि त्याला वाटलं, आत्ता सोडायची वेळ नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेने त्याच्यावर लेख छापला. २००१ पासून त्याची सरासरी कमाई होती वर्षाला सुमारे २५ हजार डॉलर. जर्मनीत, कुशल प्रोग्रामरला! आणि इकडे जगभरचे पत्रकार, कार्यकर्ते, शिवाय लिनक्सवर चालणारे असंख्य सर्व्हर आपले अपडेट खरे आहेत का हे तपासायला त्याचंच काम वापरत होते. लेख आला आणि पैशांचा पाऊस पडला : फेसबुक आणि स्ट्राइप यांनी वर्षाला पन्नास-पन्नास हजार डॉलर देऊ केले, सामान्य लोकांनीही दिले, आणि लिनक्स फाउंडेशनच्या उपक्रमातून साठ हजार आधीच मंजूर झाल्याचंही तेव्हाच जाहीर झालं. त्याने अठरा वर्षांत मागून जे मिळालं नाही, ते एका लेखाने एका दिवसात मिळालं. मला याचा आनंद होतो आणि चीडही येते.

त्याच वर्षी आपल्याकडे काय झालं, आठवतंय? सप्टेंबर २०१५. केंद्र सरकारने राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा काढला. त्यात नागरिकांनीसुद्धा एन्क्रिप्ट केलेल्या माहितीची साधी, उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असं होतं. म्हणजे मी तुम्हाला कुलूपबंद पेटी पाठवायची आणि आतल्या वस्तूची झेरॉक्स तीन महिने घरी ठेवायची. आधी व्हॉट्सॲपसारख्या गोष्टी वगळल्याचा खुलासा आला, मग २२ सप्टेंबरला मसुदाच मागे घेतला. तो झाला मसुदा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ वं कलम मात्र आहेच : सरकारने रीतसर आदेश देऊनही डिक्रिप्ट करायला मदत केली नाही, तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

जीपीजीचं पुढे काय झालं, ते झटपट सांगते. २०१८ मध्ये ‘ईफेल’ नावाचा हल्ला उघड झाला, ज्यात मेल दाखवणारे प्रोग्रामच उलगडलेला मजकूर बाहेर पाठवून द्यायचे. २०१९ मध्ये कुणीतरी सार्वजनिक की-सर्व्हरवर दोन जुन्या कार्यकर्त्यांच्या चाव्यांना लाखाच्या वर बनावट सह्या चिकटवल्या, इतक्या की ती चावी घेताच जीपीजी गुदमरायचं. आणि ज्या प्रमाणावर हे सगळं चालतं, त्याच्या नव्या आवृत्तीवरून कोख आणि बाकी मंडळींचं फाटलं. २०२३ मध्ये कोखने वेगळी चूल मांडली, ‘लिब्रेपीजीपी’, आणि उरलेल्यांचं नवं प्रमाण २०२४ च्या जुलैमध्ये आलं. कोण बरोबर, यावर अजून भांडणं चालू आहेत. दोन्ही बाजू वाचून माझं मत असं, की भाऊबंदकीत शेताचं नुकसान होतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर ईमेलपासून सुरुवात करू नका, वैतागाल. लॅपटॉपवर जीपीजी घाला, विंडोजसाठी जीपीजी-फोर-विन मिळतं, आणि एकच फाइल नुसत्या पासवर्डने बंद करून बघा. पासवर्ड लांब ठेवा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. विसरलात तर ‘फॉरगॉट पासवर्ड’चं बटण नाही, वर्नर कोखसुद्धा ती फाइल उघडून देऊ शकत नाही. ते जमलं की मग थंडरबर्डमध्ये मेलचं बघा. समोर एक मित्र हवा, दोघांनी एकमेकांच्या चाव्या घ्यायच्या आणि तिचा फिंगरप्रिंट फोनवर वाचून जुळवायचा.

मी हे माझ्या धाकट्या भावाबरोबर केलं. पहिला यशस्वी एन्क्रिप्टेड मेल त्याने मला पाठवला, तासाभराच्या खटपटीनंतर. उलगडून पाहिलं तर आत लिहिलं होतं : ‘ताई, जेवायला काय आहे?’

चला, भेटू पुढच्या भागात.