क्रॉस मॅचची कुळकथा

1667 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये झां-बाप्तिस्त डेनी या डॉक्टराने आंत्वान मोर्वा नावाच्या वेडसर माणसाच्या शिरेत वासराचं रक्त सोडलं. शांत जनावराच्या रक्ताने डोकं शांत होईल, असा हिशेब होता. पहिल्या खेपेला फारसं काही बिघडलं नाही. दुसऱ्या खेपेला मात्र हात भाजल्यासारखा तापला, घाम फुटला, कंबर भरून आली, ओकाऱ्या झाल्या आणि लघवी काजळीसारखी काळी झाली. न जुळणारं रक्त अंगात गेल्यावर काय होतं, याचं हे बहुधा पहिलं तपशीलवार वर्णन. पुढे मोर्वा दगावला. त्याच्या बायकोने विष घातल्याचा संशय आला आणि डेनी खटल्यातून सुटला. पण रक्त देण्यावर तिथे बंदी आली.

पुढची सुमारे दीडशे वर्षं हा विषय जवळजवळ बासनात राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या जेम्स ब्लंडेल या प्रसूतितज्ज्ञाने तो बाहेर काढला. माणसाला माणसाचंच रक्त हवं, हा त्याचा आग्रह. बाळंतपणात रक्त वाहून गेलेल्या काही बायका त्यामुळे वाचल्या, काही गेल्या. एकीला मानवलेलं रक्त दुसरीला का बाधतं, हे कुणालाच सांगता येईना.

उत्तर मिळालं ते व्हिएन्नात. कार्ल लँडस्टायनरने स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, प्रत्येकाचा सीरम आणि तांबड्या पेशी वेगळ्या केल्या आणि याचा सीरम त्याच्या पेशींशी असं आलटून पालटून मिसळून पाहिलं. काही जोड्या एकजीव राहिल्या, काहींत गुठळ्या झाल्या. 1901 मध्ये त्याने तीन गट मांडले. चौथा, एबी, पुढच्याच वर्षी सापडला. ए गटाच्या माणसाच्या सीरममध्ये बी पेशींविरुद्धची प्रतिपिंडं आधीच तयार असतात. चुकून बी रक्त चढलं की ती तुटून पडतात आणि आलेल्या पेशी शिरेतच फुटतात. सुटलेलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, रक्तदाब कोसळतो, रक्त गोठण्याची यंत्रणाही बिघडते. मोर्वाच्या काळ्या लघवीचा अर्थही यातूनच लागतो.

1907 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात रूबेन ऑटनबर्गने लँडस्टायनरची ही रीत रुग्णाच्या उशाशी आणली: रक्त चढवण्याआधी दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी ताडून पाहायचं. हीच क्रॉस मॅच. 1945 मध्ये कूम्ब्स आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या चाचणीने तिची नजर तीक्ष्ण केली. पेशींना चिकटूनही गुठळी न करणारी प्रतिपिंडंही आता पकडता येऊ लागली.

गट ठाऊक असताना हा खटाटोप कशाला, याला सर्वांत चोख उत्तर मुंबईने दिलं. 1952 मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये काही विलक्षण रक्तांची नोंद केली. पेशी तपासल्या तर गट ओ वाटावा. पण त्या माणसांचा सीरम ओ पेशींच्याही गुठळ्या करत होता. ए आणि बी ज्यावर उभे राहतात तो एच हा पायाच त्यांच्या पेशींवर नव्हता. ‘सगळ्यांना चालणारं’ म्हणून ओळखलं जाणारं ओ रक्त त्यांच्यासाठी घातक. हा ‘बॉम्बे’ गट भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असल्याचं मानलं जातं. पेशींपुरती तपासणी करून थांबलं तर तो ओ म्हणून निसटतो. क्रॉस मॅचमध्ये सापडतो.

पिशवीवरच्या अक्षरावर विश्वास न ठेवणं, हीच या चाचणीची ताकद. पण एका चिठ्ठीवर तिलाही विसंबावं लागतं: रुग्णाच्या नळीवरच्या नावावर. नळीत शेजारच्या खाटेवरच्याचं रक्त असेल, तर जुळणी निर्दोष होते, पण भलत्याच माणसाशी. न जुळणारं रक्त चढल्याच्या गंभीर अपघातांमागे आजही बहुतेकदा अशीच नावांची अदलाबदल असते. म्हणून नमुना घेताना आणि रक्त लावताना सिस्टरने पुन्हा नाव विचारलं, तर वैतागू नये. क्रॉस मॅचला जे दिसत नाही, तेवढंच ती तपासत असते.