लाइप्झिगमधील एक मृत्यू आणि हृदयातील वीज

जर्मनीतील लाइप्झिग शहरात १७७८ मध्ये सॅम्युएल हायनिके यांनी कर्णबधिर मुलांसाठी शाळा स्थापन केली. पुढे त्याच शहरातील वैद्य फ्रीडरिश लुडविग माइस्नर यांनी १८५६ मध्ये बहिरेपणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात कर्णबधिरांच्या संस्थेतील एका मुलीची हकिकत नोंदवली. तिच्या हातून किरकोळ चोरी घडली होती. जाब विचारण्यासाठी तिला संचालकांसमोर उभे करण्यात आले आणि ती तेथेच कोसळून गतप्राण झाली.

ही वार्ता आईवडिलांना कळवणे संस्थेला जड गेले असणार. परंतु त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांची आणखी दोन मुले अशीच क्षणार्धात गेली होती. एक भयाने, दुसरे संतापाच्या भरात.

भीतीने किंवा लाजेने माणूस मरतो असे म्हणून प्रकरण मिटवणे सोपे होते. माइस्नर यांनी पालकांचे विधान गाळले नाही, हे त्यांचे मोठे श्रेय मानावे लागेल. कारण शोधण्याचे साधन मात्र त्या काळी कोणापाशीच नव्हते.

ते साधन विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील लायडेन येथे सिद्ध झाले. विलेम आइंटहोवेन यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला अतिसूक्ष्म तंतू ताणून बसवला. हृदयातील क्षीण विद्युतप्रवाहाने तो थरथरे आणि त्या थरथरीचा आलेख उमटे. आलेखातील चढउतारांना त्यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली. १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यांतील क्यूपासून टीच्या अखेरीपर्यंतचा काळ म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत वीज पसरून ते पुन्हा पुढच्या ठोक्यास सिद्ध होण्याचा काळ. तो प्रमाणाबाहेर लांबला तर पुढचा ठोका अवेळी पडण्याची आणि हृदयाची लयच विस्कटण्याची भीती असते. लय लगेच सावरली तर मूर्च्छा येते. न सावरली तर मृत्यू.

१९५७ मध्ये नॉर्वेतील अँटन येरवेल आणि फ्रेड लांगे-निल्सेन या डॉक्टरांनी एका कुटुंबाची माहिती प्रसिद्ध केली. सहा मुलांपैकी चार जन्मतः बहिरी होती. त्या चौघांनाही वारंवार मूर्च्छा येत असे. त्यांपैकी तिघे चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना अकस्मात दगावली. आलेखात क्यूटीचा काळ विलक्षण लांबलेला दिसला. लाइप्झिगच्या घराचीच ही कहाणी शंभर वर्षांनी पुन्हा घडली होती, पण या वेळी हाती आलेख होता. लवकरच इटलीत रोमानो यांनी आणि आयर्लंडमध्ये वॉर्ड यांनी हाच विकार ऐकू येणाऱ्या मुलांतही दाखवला. मग बहिरेपणाचा संबंध काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर जनुकांत होते. अमेरिकेतील युटा येथे मार्क कीटिंग यांनी एका मोठ्या कुटुंबाचा अभ्यास केला आणि १९९१ मध्ये दोष अकराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. प्रथम ज्या जनुकाचा संशय आला ते निर्दोष निघाले. खरे जनुक सापडण्यास १९९६ साल उजाडले. दरम्यान १९९५ मध्ये आणखी दोन जनुके हाती आली. त्यांपैकी एकाच्या नावात फळमाशीची गंमत दडली आहे. ईथर दिल्यावर पाय थरथरवणाऱ्या माश्या पाहून संशोधकांना त्या काळचे गो-गो नृत्य आठवले आणि माशीच्या जनुकाला तेच नाव चिकटले. त्याचाच मानवी भाऊबंद मुलांच्या हृदयात सापडला.

ही जनुके पेशीच्या आवरणातील सूक्ष्म द्वारे घडवतात. पोटॅशियमची द्वारे नीट उघडली नाहीत, किंवा सोडियमचे द्वार वेळेवर मिटले नाही, तर पेशीला पूर्वस्थितीत येण्यास उशीर होतो. १९९७ मध्ये पॅरिसमधील संशोधकांनी जुने कोडे सोडवले. युटाच्या शोधातून सापडलेले पोटॅशियमचे द्वार अंतर्कर्णातही असते आणि तेथील द्रव राखण्याचे काम करते. त्या जनुकाची एकच प्रत सदोष असेल तर कान शाबूत राहतो, हृदय मात्र धोक्यात येऊ शकते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तर कान आणि हृदय दोन्ही जातात. म्हणूनच आते-मामे भावंडांच्या विवाहाची चाल असलेल्या घराण्यांत या दुसऱ्या प्रकाराची शक्यता वाढते.

कोणते द्वार बिघडले आहे यावर संकटाची वेळही अवलंबून असते. पहिल्या प्रकारात ती धावताना आणि विशेषतः पोहताना येते. दुसऱ्यात गजराच्या किंवा टेलिफोनच्या अचानक आवाजाने, तर तिसऱ्यात पुष्कळदा झोपेत. अशा मुलांची मूर्च्छा अपस्मार समजून वर्षानुवर्षे भलतेच औषध दिले गेल्याची उदाहरणे वैद्यकात कमी नाहीत. वेळीच ओळख पटली तर बीटा ब्लॉकर गटातील साध्या गोळ्यांनी पुष्कळ मुले सुरक्षित राहतात; काहींना शस्त्रक्रिया किंवा हृदयाला धक्का देऊन लय सावरणारे उपकरण लागते. क्यूटीचा काळ लांबवणारी इतर औषधे मात्र त्यांनी कटाक्षाने टाळावी लागतात.

खेळताना बेशुद्ध पडलेल्या मुलाचा ईसीजी काढताना जाणता डॉक्टर आजही विचारतो, "घरात कोणी लहान वयात अचानक गेले आहे का?" लाइप्झिगच्या त्या आईवडिलांनी याचे उत्तर कोणी न विचारताच दिले होते.