पेटी हलवून पाहा

संत्र्याचा मोसम लागला की बाबूजी सगळ्यात आधी नखं कापायचे. स्वतःची कापून झाली की हाताखालच्या माणसांची बघायचे. नखाचा ओरखडा तोडीच्या दिवशी दिसत नाही. चार-पाच दिवसांनी दिल्लीच्या नाहीतर कलकत्त्याच्या बाजारात पेटी उघडते, तेव्हा त्या जागी हिरवी बुरशी बसलेली असते आणि तिनं शेजारची चार फळंही धरलेली असतात. मग व्यापाऱ्याचं पोस्टकार्ड यायचं. त्यात शिवी फळाला नसायची, पेटी भरणाऱ्याला असायची.

आमचं घर पांढुर्ण्याचं. बाबूजी संत्र्याच्या पेट्या भरायचे. मी पुढे बोरगावला, सौसर तालुक्यातल्या औद्योगिक क्षेत्रात, एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये चोवीस वर्षं पॅलेट बांधले. बापाचा जन्म तणसात गेला, माझा प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये. आमच्या भागाचा इतिहास सांगणारे नागपूरच्या भोसल्यांपासून सुरू करतात आणि गोटमारीवर येऊन थांबतात. मधे माल कुणी बांधला हे कुणी विचारत नाही.

गोटमारीचं एवढंच सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, मधे रोवलेलं पळसाचं झाड, आणि दोन्हीकडून दगड. दर वर्षी डोकी फुटतात, जीवही गेलेत. त्या दिवशी दगड मारणारेच काही हात आंबिया बहाराची तोड सुरू झाली की संत्रं असं उचलायचे, की जणू ते तान्हं मूल आहे. मला हे कोडं कधी सुटलं नाही.

संत्रं नागपूर भागात भोसल्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीला, औरंगाबादकडून आलं असं सांगतात. बगीचे पसरले, पण फळ जवळच खपत होतं तोवर टोपलं आणि बैलगाडी पुरेशी होती. पॅकिंग नावाचा धंदा उभा केला तो आगगाडीनं. सौसरला आधी छोटी गाडी आली, बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी रुळांची, नागपूर ते छिंदवाडा. पांढुर्ण्याहून नागपूर–इटारसी हा मोठा मार्ग गेला १९२० च्या दशकात. दोन गावं जवळजवळ, फळ एकच, पण वाट वेगळी. पांढुर्ण्याची पेटी डब्यात चढली की थेट उत्तरेला जायची. सौसरची पेटी नागपूरला छोट्या डब्यातून उतरायची आणि मोठ्या डब्यात चढायची. बाबूजी म्हणायचे, सौसरची पेटी जरा घट्टच भरावी लागते, तिला एक हमाल जास्त भेटतो.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. खाणाऱ्याला ते सुख आणि भरणाऱ्याला तोच ताप. सालीच्या आत हवा असते, फळ दाबलं की साल फाटते किंवा देठापाशी सुटते. म्हणून तोडताना ओढायचं नाही, देठ कातरून घ्यायचा, आणि तोही बुडाशी, नाहीतर एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत घुसतो. तोडलेलं फळ लगेच पेटीत जात नसे. झाडाखाली सावलीत रात्रभर पसरून ठेवायचे, साल थोडी मऊ पडायची, मग ती कडकन फाटत नसे. बायका निवड करायच्या. मोठं, मध्यम, बारीक, आणि डागी वेगळं. हिशेब नगाचा, बगीच्याचा सौदाही हजाराच्या भावानं.

पेटी म्हणजे फळ्यांचा खोका. चार कोपऱ्यांत आतून उभ्या चौकोनी खुंट्या, त्यांवर बाजूच्या फळ्या ठोकलेल्या, दोन फळ्यांमधे बोटभर फट. फट वाऱ्यासाठी, कारण तोडलेलं फळही श्वास घेतं आणि तापतं. बुडाशी तणस, बाजूला तणस, मग फळांचा थर, वर पुन्हा तणस. शेवटचा थर पेटीच्या काठाच्या किंचित वर यायचा. त्याला बाबूजी पेटीचं पोट म्हणायचे. झाकणाची फळी ठोकताना ते पोट जरा दबायचं. नवख्याला वाटायचं फळ चेपतंय. पण गाडी चालू झाली की हादऱ्यानं आतलं सगळं खाली बसतं, पोट नसेल तर वर पोकळी होते, आणि पोकळीत फळ नाचतं. मला त्यांनी पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं, “पेटी हालवून पाह्य. आवाज आला तं समज मेली.”

डब्यात पेट्या लावायलाही रीत होती. खुंटीवर खुंटी आली पाहिजे, म्हणजे वरचं वजन लाकडातून लाकडात उतरतं, फळावर येत नाही. मग पत्र्याच्या ठशानं शिक्का मारायचा. व्यापाऱ्याची खूण, गावाचं अक्षर, आणि एका कोपऱ्यात भरणाऱ्याचा आकडा. तक्रार आली की आकडा बघून माणूस सापडायचा.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आमचंच शहर. त्या दिवशी ते मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, बिल्टीवर हिंदी, ही तेव्हापासूनची सवय. मधे राज्याची सीमा आली आणि संत्र्याच्या वाटेवर विक्रीकराचे नाके उभे राहिले. त्याच १९५६ साली २६ एप्रिलला अमेरिकेत नेवार्क बंदरातून ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ कंटेनर घेऊन ह्यूस्टनला निघालं होतं. पांढुर्ण्यात ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण माझी पुढची भाकरी त्या जहाजावरून आली, कंटेनरच्या जमान्यातल्या पॅलेटच्या बांधणीतून.

लाकडी पेटी एका दिवसात गेली नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं लाकडाला पर्याय वापरा असं सांगितलं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा जंगलतोडीबद्दलचा आदेश आला आणि आरायंत्रांवर बंधनं पडली. फळी महागली. पुठ्ठ्याचे खोके आले, प्लॅस्टिकची कॅरेट आली. कॅरेटला मी नावं ठेवत नाही. बगीच्यातून नागपूरच्या कळमन्याच्या बाजारापर्यंत तिच्यासारखं दुसरं काही नाही. धुता येते, एकावर एक नीट बसते, वजन तिच्या अंगावर जातं. राग आहे तो खुल्या ट्रकचा. ट्रकच्या तळाशी तणस टाकायचं आणि संत्री गोट्यांसारखी ओतायची, वरून ताडपत्री. सगळ्यात खालचं फळ अख्ख्या ट्रकचं ओझं झेलत जातं. भाडं वाचतं आणि मालाचा रस होतो. अजूनही असे ट्रक दिसतात.

बोरगावला १९९१ च्या सुमारास रेमंडचा कापड कारखाना आला, आजूबाजूला आणखी कारखाने उभे राहिले. त्यातल्या एकात मी लागलो. तिथं पहिल्यांदा पॅलेट पाहिलं. लाकडाचा पाट, खाली ठोकळ्यांच्या तीन रांगा, मधून हँड ट्रॉलीचे दोन दात शिरतात आणि हजार किलो माल एक माणूस ओढत नेतो. जे काम दहा हमाल दुपारभर करायचे, ते तासात. हमालांच्या पाठी वाचल्या हे खरं, आणि बऱ्याच हमालांचं कामही गेलं हेही तितकंच खरं.

मला वाटलं, आता पेटीची विद्या संपली. १९९७ च्या पावसाळ्यात ती किती संपली ते कळलं. सुताचे खोके मुंबईच्या बंदराकडे जायचे होते. मी ते भिंतीच्या विटांसारखे सांधे मोडून रचले, कारण तसं मजबूत दिसतं. थर पाटाच्या बाहेर दोन बोटं लोंबत होता, तिकडे दुर्लक्ष केलं. फिल्म पहिल्या खोक्यापासून वर गुंडाळली. कसारा घाटात चालकानं ब्रेक लावला आणि सगळा ढीग अखंडच्या अखंड पाटावरून पुढे सरकला. फिल्म जागच्या जागी होती. पाट मागे राहिला होता. माल भिजून, फुटून परत आला. साहेब एवढंच म्हणाले की पुन्हा होऊ देऊ नका.

बाबूजी तेव्हा सत्तरीचे. रात्री जेवताना सगळं सांगितलं. त्यांनी पॅलेट आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात धुऊन म्हणाले, “तू वरचं वरच्याले बांधलं. बुडाले कोन बांधनार?”

त्यानंतर मी नियम त्यांच्याच पेटीवरून घेतले. पुठ्ठ्याच्या खोक्याचा जोर त्याच्या उभ्या कोपऱ्यांत असतो, मधल्या भिंतीत फारसा नाही. विटांसारखं रचलं की वरच्याचा कोपरा खालच्याच्या पोटावर येतो आणि खोका बसतो. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो, तेव्हा आणखी लवकर. म्हणून कोपऱ्यावर कोपरा, खुंटीवर खुंटी तसा. वाटलंच तर सगळ्यात वरचा एक थर आडवा, बाकीच्यांना धरून ठेवायला. माल पाटाबाहेर लोंबू द्यायचा नाही, लोंबला की कोपऱ्याखालची जमीनच जाते. फिल्मचे पहिले दोन-तीन वेढे लाकडी पाटाला, मग वर चढायचं, प्रत्येक वेढा आधीच्यावर निम्मा. चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वरून पट्टी मारायची आणि ती पाटाच्या खालून घ्यायची. युरोपात बांधणीचं मानक धरतं की ब्रेक लागल्यावर माल आपल्या वजनाच्या ०.८ पट जोरानं पुढे ढकलला जातो, वळणावर बाजूला ०.५ पट. म्हणजे हजार किलोचं पॅलेट आठशे किलोचा धक्का देतं. हा आकडा मला खूप उशिरा वाचायला मिळाला. बाबूजींना तो न वाचता माहीत होता.

२००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरले. परदेशी जाणाऱ्या पाटाचं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायचं, म्हणजे आतल्या किडी मरतात आणि दुसऱ्या देशाच्या जंगलात जात नाहीत. मग पाटावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का. पहिला शिक्का पाहिला तेव्हा मला बाबूजींचा पत्र्याचा ठसा आठवला. फरक एवढाच की या शिक्क्यात लाकूड कुठं तापवलं ते कळतं, माल कुणी बांधला ते नाही. बांधणारा आता ठेकेदाराकडचा असतो, सहा महिन्यांनी बदलतो. घाटात माल सरकला तर पोस्टकार्ड कुणाला लिहायचं?

नाक्यांनी तर आमची बांधणी कितीदा उलगडली. एका नाक्यावर पॅलेटची फिल्म चाकूनं फाडून दोन खोके मोजले, आणि तसंच जा म्हणाले. उरलेला रस्ता तो माल दोरावर गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. मालाच्या दृष्टीनं त्या कराचं हे एक पुण्य.

सौसरची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीला थांबली, तिथं मोठे रूळ पडले. ऑगस्ट २०२० मध्ये किसान रेल्वे सुरू झाली, ऑक्टोबरपासून फळांच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली, आणि छिंदवाड्याहून हावड्याकडे निघालेल्या गाडीत सौसरची संत्री चढली. नागपूरला पेटी उतरवण्याची गरज उरली नाही. तो एक जास्तीचा हमाल शंभर वर्षांनी कमी झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं.

नव्या जिल्ह्यात कधी संग्रहालय झालंच तर भोसल्यांचं चित्र लागेल, गोटमारीचे फोटो लागतील. माझं एवढंच मागणं आहे: पांढुर्णा, सौसर, लोधीखेडा, रामाकोना, कुठंही कुणाच्या माळ्यावर संत्र्याची जुनी फळ्यांची पेटी पडली असेल, शिक्क्याचा पत्रा असेल, व्यापाऱ्याचं शिव्यांचं पोस्टकार्ड असेल, तर भंगारात देऊ नका. बाबूजींचा ठसा माझ्याकडे आहे. गावाचं अक्षर गंजानं गेलं, कोपऱ्यातला आकडा अजून वाचता येतो.