झुंबरांखालची बातमी

४ ऑक्टोबर १९५७, शुक्रवार. संध्याकाळचे सहा वाजत आलेत. वॉशिंग्टनच्या सोळाव्या रस्त्यावरच्या सोव्हिएत वकिलातीचा जिना चढून तुम्ही दिवाणखान्यात शिरता. व्हाइट हाउस इथून चालत काही मिनिटांवर. झुंबरांखाली शास्त्रज्ञांची दाटी आहे. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षानिमित्त रॉकेट आणि उपग्रहांवर आठवडाभर परिषद चाललीय, आज रशियनांकडे पाहुणचार. तुमच्या हातात कुणीतरी व्होडकाचा पेला ठेवतं.

वकिलातीतला एक माणूस गर्दीतून वाट काढत ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या वॉल्टर सलिव्हनपाशी येतो. फोन आहे. सलिव्हन जातो आणि परततो तो जवळजवळ धावतच. अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड पोर्टरच्या कानाशी लागतो. पोर्टर आपला अमेरिकन सहकारी लॉइड बर्कनरला गाठतो. बर्कनर टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प करतो आणि सांगतो: रशियाचा उपग्रह ९०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतोय, आमच्या सोव्हिएत सहकाऱ्यांचं अभिनंदन!

टाळ्यांचा कडकडाट होतो. तुम्ही मात्र यजमानांचे चेहरे बघता. शिष्टमंडळाचे प्रमुख अनातोली ब्लागोनरावोव्ह यांचा चेहरा उजळलाय. अमेरिकनही मनापासून टाळ्या वाजवताहेत, पण टाळ्या थांबल्यावर त्यांचे हात जरा जास्तच वेळ नुसते लोंबत राहतात.

मग हिशेब सुरू होतो. वजन ८३.६ किलो. अमेरिकेच्या ‘व्हॅनगार्ड’चा पहिला चाचणी-उपग्रह जेमतेम दीड किलोचा. ५८ सेंटिमीटरचा चकचकीत गोळा, चार लांब अँटेना, आत बॅटऱ्या आणि रेडिओ. त्याचा ‘बीप-बीप’ २० आणि ४० मेगासायकलवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यालाही घरबसल्या ऐकू यावा असा. अमेरिकेची सरकारी यंत्रणा कान लावून बसलीय १०८ वर.

गोळ्याला कोण घाबरतंय? पण एवढं ओझं वर नेणारं आर-७ हे मुळात अण्वस्त्र खंडापार नेण्यासाठी बांधलेलं क्षेपणास्त्र. जे ८३ किलो कक्षेत ठेवतं, ते वॉशिंग्टनवर काय टाकू शकेल, हे या दिवाणखान्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तुम्ही बाहेर येऊन मान वर करता. काहीच दिसत नाही. उड्डाण झालं तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजत आले होते. ९६ मिनिटांची एक फेरी तर बातमी येण्याआधीच पुरी झाली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ६ डिसेंबरला व्हॅनगार्ड जमिनीपासून जेमतेम उठेल आणि साऱ्या जगासमोर पेट घेईल. अमेरिकेचा पहिला उपग्रह ३१ जानेवारी १९५८ला वर जाईल. तोवर, ४ जानेवारीलाच, हा गोळा वातावरणात जळून गेलेला असेल.

आत परतता, तर जामावर जाम चढताहेत. कझाकस्तानच्या माळरानावर, त्युरातामला, ज्यानं हे रॉकेट उभं केलं त्याचं नाव मात्र कुणी घेत नाही. अमेरिकनांना ते माहीत नाही आणि रशियनांना ते उच्चारायची मुभा नाही. खुद्द त्याच्या देशातल्या वर्तमानपत्रांतही ते या रॉकेटशी १९६६च्या जानेवारीत, तो गेल्यावरच जोडलं जाईल.

कुणीतरी तुमच्यापुढे पेला धरतं: कुणाच्या नावानं?

सर्गेई कोरोल्योव्ह. नाव अगदी ओठांवर येतं. तुम्ही पेला रिकामा करता आणि ते व्होडकाबरोबर गिळून टाकता.