टेकू, तुळया आणि आठ लाखांचा आकडा
(माजी खजिनदाराच्या आठवणी)

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी म्हटलं, गणेशोत्सवावर लिहायला बरेच जण आहेत, मला हिशेब लिहू द्या. आपल्या सोसायटीची नोंदणी १९८९ साली झाली. १९९४ ते २००७ मी खजिनदार होतो. नव्या सभासदांना २००४ची मोठी दुरुस्ती ऐकून माहीत आहे. पण खर्च का फुगला आणि विम्याचे पैसे का मिळाले नाहीत हे नीट कुठे लिहिलेलं नाही. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही लिहून ठेवतो.

आपली इमारत १९२६ची. तळमजला अधिक तीन, खोल्या २४, गाळे २. विटांच्या भिंती, सागवानी तुळया, वर मंगलोरी कौलं आणि मागच्या अंगाला लाकडी सज्जे. गिरगावात त्या काळी घरं अशीच बांधत. बांधणाऱ्याने काम चांगलं केलं होतं यात शंका नाही. १४ एप्रिल १९४४ला गोदीत स्फोट झाला तेव्हा इमारत हादरली, पुढच्या खिडक्यांच्या काचा गेल्या, पण भिंतीला तडा नाही, असं जुनी माणसं सांगत. (त्या स्फोटाची नुकसानभरपाई सरकारने खास वटहुकूम काढून दिली होती. आपल्या मालकांनी काचांचे पैसे मागितले की नाही, त्याचा कागद नाही.)

मग १९४७चा भाडे कायदा आला आणि भाडं १९४०च्या पातळीला गोठलं. आमच्या खोलीचं भाडं सोळा रुपये. भाडेकरूंना ते बरंच वाटलं, माझ्या वडिलांनाही. पण सोळा रुपयांत मालक कौलं शाकारणार कशी? त्याने हात आखडला, आम्ही शिव्या घातल्या, आणि पाणी मुरत राहिलं. दक्षिण मुंबईत सगळीकडेच हे चाललं होतं. इमारती पडू लागल्या तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, भाड्याबरोबर दुरुस्तीचा उपकर सुरू झाला, आणि घरोघरी टेकू आले. आपल्या जिन्याखाली एक टेकू अकरा वर्षं होता. त्याला आम्ही सायकली बांधायचो. १९७८ला मंडळाने काही कुजलेल्या तुळया काढून लोखंडी गर्डर टाकले. मंडळाकडे पैसा मोजकाच असे, त्यामुळे दिसेल तेवढंच काम झालं. जे गिलाव्याच्या आत होतं ते आतच राहिलं.

भाडेकरूंनी एकत्र येऊन इमारत घेण्याची कल्पना काही आपली नव्हे. शेजारच्या गामदेवीत सारस्वत मंडळींनी १९१५ सालीच सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. १९८६ला म्हाडाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन भाड्याच्या शंभर पट रक्कम भरून इमारत घ्यायची तरतूद झाली, तेव्हा आपल्याकडेही चर्चा सुरू झाली. आपल्याला त्या मार्गाने जावं लागलं नाही. मालकाच्या मुलांनाच इमारत नको झाली होती. बोलणी होऊन व्यवहार सामोपचाराने झाला. त्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले. मालकीबरोबर तुळयाही आपल्या झाल्या, हा विचार तेव्हा कोणाच्या मनात आला नसावा. माझ्या तरी आला नाही.

आता २००४कडे येतो.

२००३च्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला जमीन दबायला लागली. इंजिनिअर आणून तपासणी केली. त्यांनी ठिकठिकाणी ठोकून पाहिलं आणि ११ लाख ७० हजारांचं अंदाजपत्रक दिलं. खोल्या-गाळे एकाच मापाचे, म्हणून माणशी ४५,०००. तेवढ्यावरही सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती : गिलावा काढल्यानंतर आढळणारे जादा काम वेगळे. ती ओळ मी वाचली होती, पण सभेत मोठ्याने वाचली नाही. सगळ्यांना उगाच कशाला घाबरवायचं, असा माझा हिशेब.

जानेवारी २००४ला काम सुरू झालं. तक्तपोशी उतरवली तेव्हा मोरीच्या कोपऱ्यातल्या तुळयांची टोकं उघडी पडली. चाळीतली मोरी म्हणजे रोजचं पाणी, आणि ते एकाच कोपऱ्यात. अठ्ठ्याहत्तर वर्षं ते पाणी भिंतीत शिरत होतं आणि तुळईचं भिंतीतलं टोक खात होतं. मधे तुळई खणखणीत, टोकाला मात्र बोट घातलं तर भुगा. इंजिनिअरांनी चार तुळया धरल्या होत्या, निघाल्या चौदा. १९७८चे गर्डरही टोकाशी गंजून पापुद्रे सुटलेले. मग मागच्या गल्लीतली सांडपाण्याची लाइन फुटलेली सापडली. तिने पायाखालची माती वाहून नेली होती.

जादा खर्च ७ लाख २८ हजार झाला. त्यात तुळया ३,१०,०००, गटार आणि पाया १,६५,०००, सज्जा १,४०,०००. उरलेले १,१३,००० वायरिंग, मीटरबोर्ड, लांबलेल्या परांचीचं भाडं आणि एका जखमी कामगाराच्या औषधोपचारातला आपला निम्मा वाटा यात गेले. एकूण १८ लाख ९८ हजार. माणशी ४५,०००चे ७३,००० झाले.

सज्जाचं सांगायचं राहिलं. मार्चमध्ये दुपारी अडीचच्या सुमाराला तिसऱ्या मजल्याचा मागचा सज्जा खाली आला. खालची तुळई बदलायला टेकू हलवले होते. दुपारची वेळ, वाळत घातलेले कपडे उचलायला कोणी गेलं नव्हतं म्हणून निभावलं. एका कामगाराचा पाय मोडला. कंत्राटदाराने कामगारांचा विमा काढला आहे का, हे आम्ही कागद बघून कधी विचारलंच नव्हतं. काढलेला नव्हता.

आम्ही निर्धास्त होतो, कारण इमारतीचा विमा होता! तळमजल्यावरचे काका विमा कंपनीतून रिटायर झालेले. मी पॉलिसी घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती पहिल्यापासून वाचली. इतक्या वर्षांत ती तशी वाचणारे बहुधा ते पहिलेच. म्हणाले, "हा सज्जा विसरा. आग, वीज, वादळ, पूर, दंगल, जमीन खचणं यांचा विमा आहे. पण दुरुस्ती करताना, बांधकामात फेरबदल करताना खचलं-पडलं, तर ते वगळलेलं आहे. झिजणं, कुजणं तर नाहीच. दुरुस्तीच्या कामाचा विमा वेगळा असतो, तो काम सुरू व्हायच्या आधी घ्यायचा. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे." आणि त्यांनी एका कलमावर बोट ठेवलं. विम्यातल्या धोक्याखेरीज दुसऱ्या कारणाने इमारतीचा भाग पडला, तर सात दिवसांनी अख्खा विमाच संपतो. सात दिवसांच्या आत लेखी कळवलं आणि कंपनीने मान्य केलं, तरच तो नव्या अटींवर चालू राहतो.

तो दिवस पाचवा होता. सहाव्या दिवशी सकाळी मी आणि सेक्रेटरी पत्र घेऊन विमा कंपनीच्या दारात उभे होतो. पोच घेतली. वाढीव हप्ता भरून विमा चालू राहिला. काकांचं हे ऋण सोसायटीच्या दप्तरात कुठेही नोंदलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

जूनमध्ये वादळी पाऊस झाला. दर्शनी बाजूची कौलं उडाली, पाणी दोन मजले उतरलं. वादळ तर विम्यात होतं. सर्व्हेअर आले, फोटो काढले, नुकसान ९६,००० धरलं. मी सभासदांना सांगून टाकलं की हे पैसे येतील. हाती आले १४,०००.

आता माझी चूक. पॉलिसीवर इमारतीची किंमत आठ लाख लिहिली होती. हा आकडा १९९१चा. मी १९९४ला खजिनदार झालो तेव्हा तो मला मिळाला, आणि पुढे दर वर्षी नूतनीकरणाच्या फॉर्मवर मी तोच उतरवला. भुजच्या भूकंपानंतर, २००१ला, भूकंपाचं कलम हौसेने जोडून घेतलं, पण आकडा तोच. हप्ता वाढू दिला नाही म्हणून एका वार्षिक सभेत माझं कौतुकही झालं होतं. सर्व्हेअरने इमारतीची किंमत बत्तीस लाख धरली. विम्यात सरासरीचं कलम असतं : बत्तीसच्या जागी आठचाच विमा, म्हणजे पाव विमा, उरलेले पाऊण तुमचे तुम्ही सोसायचे. ९६,०००चे २४,००० झाले, त्यातून वजावट गेली. नुकसान सगळ्या इमारतीचं नव्हतं, तरीही पाव. हे मला शेवटपर्यंत अन्यायाचं वाटायचं. काकांनी समजावलं की पाव हप्ता भरून पूर्ण भरपाई मागणं हाही अन्यायच. मला पटायला वेळ लागला.

ऑगस्टच्या सभेत जादा २८,००० मागायचे होते. खोली नंबर १७च्या बाई, मुन्सिपाल्टीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, पेन्शनवर राहणाऱ्या. त्यांनी पैसे भरायला मुदत मागितली. कोणीतरी आवाज चढवला, कलम १०१खाली वसुली करा म्हणाला. बाई उठल्या. "मी भरणार आहे," म्हणाल्या, "पण आधी एक सांगा, तो आठ लाखांचा आकडा कोणी लिहिला?" त्यांनी पॉलिसीची प्रत मागून घेतली होती, भिंग लावून वाचली होती. सभेत कोणी बोलेना. बरेच जण समजत होते की चूक विमा कंपनीची. मीही आठवडाभर तसंच बोलत होतो. मी उभा राहून सांगितलं, मी लिहिला, दहा वर्षं. शेवटच्या पानावरची ती ओळही तेव्हाच सांगितली.

राजीनामा दिला होता, सभेने घेतला नाही. खरं म्हणजे दुसरं कोणी हिशेब लिहायला तयार नव्हतं. बाईंना चौदा हप्ते करून दिले, दर महा दोन हजार. बाईंनी चौदाही वेळेवर भरले. वसुली करा म्हणणाऱ्यांची शेवटची रक्कम २००६ला आली.

त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे, दुरुस्ती निधी. उपविधीत बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी घ्या असं आहे, सिंकिंग फंड पाव टक्का. नव्या इमारतीला ते ठीक. आपल्याकडे १९२६चा बांधकाम खर्च धरला तर वर्षाला चहापाण्याचे पैसेही जमणार नाहीत! पाऊण टक्का ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. तेव्हा सभेने आजच्या दुरुस्तीच्या दराने निधी ठरवला. त्यावर अजून कुरकुर होते, होऊ द्या. दुसरं म्हणजे, विम्याची रक्कम आता दर वर्षी इंजिनिअरकडून लेखी किंमत घेऊन ठरते. बाजारभाव नव्हे, तर तशीच इमारत आज पुन्हा उभी करायला किती लागतील तो आकडा, जमीन वगळून. पुष्कळ जण या दोन्हींत गल्लत करतात आणि गिरगावातल्या जागेचा भाव सांगतात.

पुनर्विकासाची चर्चा सध्या चालू आहे. त्यावर मी इथे लिहीत नाही, समितीने तसं बजावलं आहे. होईल तेव्हा होईल; तोवर मोऱ्यांमधून पाणी वाहतंच आहे. २००३चं अंदाजपत्रक, जादा कामाची बिलं, पाचव्या मजुरीपत्रकापासूनचे हिशेब आणि त्या पत्राची पोच कार्यालयातल्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात लाल फायलीत आहे. पहिली चार मजुरीपत्रकं भिजून गेली, ती जूनच्या पावसात. किल्ली सेक्रेटरींकडे. विमा ३० जूनला संपतो, यंदाचा आकडा पुढच्या सभेत ठरायचा आहे.