क्रुझरचा फूटरेस्ट बदलताना...

कळंबा (कोल्हापूर), प्रतिनिधी - कळंब्यातून मोटारसायकल बाहेर काढली, की चालकापुढे दोन अगदी वेगळ्या प्रकृतीचे रस्ते असतात. पूर्वेकडचा पुणे-बंगळूर महामार्ग सरळ, रुंद आणि तासन्‌तास एकाच गतीने जाऊ देणारा. पश्चिमेला मात्र गगनबावड्याजवळचे करूळ आणि भुईबावडा, राधानगरीपलीकडचा फोंडा, आजऱ्यापलीकडची आंबोली असे वळणावळणाचे घाट. क्रुझर ही मुळात पहिल्या रस्त्याची गाडी. तिचे फूटरेस्ट बदलावेत हा विचार चालकाच्या मनात येतो तो महामार्गावर, गुडघे आखडल्यावर. त्याची किंमत मात्र घाटात मोजावी लागण्याची शक्यता असते.

भारतीय रस्त्यावर या घाटणीच्या गाड्या रुळल्या त्या २००० नंतर. २००१ मध्ये बजाजची एलिमिनेटर, २००२ मध्ये रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड आणि २००५ मध्ये बजाजची अ‍ॅव्हेंजर आली. २०१० पासून हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांची विक्री येथे सुरू झाली. मिटिऑर ३५० (२०२०) आणि सुपर मिटिऑर ६५० (२०२३) यांनी मोठी क्रुझर मध्यमवर्गीयांच्या आवाक्याजवळ आणली. सुपर मिटिऑरचे वजन २४१ किलो, तर सीटची उंची जेमतेम ७४० मिलिमीटर आहे. सीट खाली, वजन खाली आणि पाय पुढे, ही क्रुझरची बैठक. उंच माणसाला या बैठकीत गुडघे जास्त दुमडावे लागतात आणि तेथूनच बाजारातील फूटरेस्टचा शोध सुरू होतो.

बाजारात जे मिळते त्याचे प्रकार नीट ओळखले पाहिजेत. मूळ जागीच बसणारा, पण रुंद किंवा दातेरी धातूचा फूटरेस्ट हा सर्वांत निरुपद्रवी. दुसरा प्रकार मूळ फूटरेस्ट खाली किंवा बाहेर सरकवणाऱ्या ब्रॅकेटचा. तिसरा ‘हायवे पेग’ म्हणून ओळखला जातो. तो पुढच्या क्रॅशगार्डला क्लॅम्पने जोडतात, मूळ फूटरेस्ट तसाच राहतो आणि लांबच्या प्रवासात पाय ताणायला दुसरी जागा मिळते. गिअर आणि ब्रेकसकट सारेच पुढे नेणारा ‘फॉरवर्ड कंट्रोल’ संच हा चौथा. तो घरच्या अंगणात बसवण्याचा प्रकार नव्हे.

वळणाचे गणित

फूटरेस्टकडे पाय ठेवण्याची दांडी म्हणून पाहिले जाते, ती चूक आहे. वळणावर गाडी झुकते तेव्हा बहुतेक क्रुझरमध्ये रस्त्याला पहिला स्पर्श होतो तो फूटरेस्टच्या टोकाचा. म्हणूनच चांगला फूटरेस्ट बिजागरीवर वर आणि मागे दुमडतो. काही गाड्यांत त्याच्या खाली छोटा खिळाही असतो. तो घासू लागला म्हणजे आता यापुढे झुकू नये, असा इशारा.

एक ढोबळ हिशेब पाहू. समजा, फूटरेस्टचे टोक गाडीच्या मध्यरेषेपासून ४०० मिलिमीटर बाहेर आणि जमिनीपासून २८० मिलिमीटर उंच आहे. टायरची रुंदी आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरचे दबणे सोडून दिले, तर ही गाडी सुमारे ३५ अंश झुकल्यावर फूटरेस्ट टेकेल. तोच फूटरेस्ट २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच, खाली आणला आणि तेवढाच बाहेर काढला, तर हा कोन ३१ अंशांवर येतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिल्या स्थितीत ताशी सुमारे ५२ किलोमीटरला जे घासले असते, ते आता ४८ लाच घासेल. चार किलोमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु पाठीमागे माणूस, दोन्ही बाजूंना बॅगा आणि दबलेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर अशा अवस्थेत उतारावरचे वळण अपेक्षेपेक्षा आवळत गेले, तर नेमके तेवढेच हाताशी उरलेले असते. ब्रॅकेट न दुमडणारे असेल तर ते रस्त्यावर टेकून मागचे चाक उचलू शकते.

‘हायवे पेग’चा धोका वेगळा आहे. तेथे पाय असताना मागचा ब्रेक पायाखाली नसतो. लांब चाकअंतर आणि खाली असलेला गुरुत्वमध्य यांमुळे क्रुझरला थांबवण्यात मागच्या ब्रेकचा वाटा इतर मोटारसायकलींपेक्षा मोठा असतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय परत ब्रेकवर आणण्यात अर्धा सेकंद गेला तरी ११ मीटर रस्ता मागे पडलेला असतो. कागल किंवा शिरोलीच्या परिसरात महामार्गावर अचानक आडवा येणारा ट्रॅक्टर-ट्रॉली ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या ११ मीटरांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. हा पेग मोकळ्या रस्त्यापुरताच वापरावा. शहरात, गर्दीत आणि घाटात पाय मूळ जागी हवा.

बसवण्याची रीत

काम अवघड नाही, पण घाईचे नाही. गाडी सपाट जागी पक्की उभी करावी. बहुतेक क्रुझरना साइडस्टँडच असतो, त्यामुळे पॅडॉक स्टँड किंवा एक मदतनीस हवा. सोडण्यापूर्वी मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण स्प्रिंग कोणत्या बाजूने अडकली होती हे हमखास विसरते. स्प्लिट पिन पकडीने सरळ करून काढली, की बिजागरीची पिन बाहेर येते. त्या वेळी स्प्रिंगवर हात ठेवावा, नाहीतर ती उडून गटारात जाते. गंजलेल्या पिनेवर आदल्या रात्री तेल सोडावे. हातोडीने ठोकून बिजागरीचे कान वाकवू नयेत.

नवा फूटरेस्ट बिजागरीत सैल बसत असेल तर तो परत करावा. आज जाणवणारी थोडीशी खडखड काही महिन्यांत पिनेचे भोक लंबगोल करते. डावा आणि उजवा यांची अदलाबदल झाली, तर फूटरेस्ट मागे दुमडण्याऐवजी पुढे दुमडतो. बसवल्यावर तो बोटाने वर करून सोडावा. स्प्रिंगच्या जोराने आपोआप खाली आला पाहिजे. स्प्लिट पिन आणि नायलॉन लॉक असलेले नट दर वेळी नवेच घ्यावेत. चासीत जाणारा बोल्ट पहिले चार-पाच आटे हातानेच फिरवावा. पान्याने सुरुवात केली आणि आटे गेले, तर फूटरेस्टच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडते. किती आवळायचे याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. साधारणपणे ८.८ प्रतीच्या आठ मिलिमीटर बोल्टला २५ न्यूटन-मीटर आणि दहाच्या बोल्टला ४५ ते ५० न्यूटन-मीटर हे प्रमाण धरतात. आट्यांवर निळ्या रंगाचे थ्रेडलॉक लावले, तर एका सिलिंडरच्या गाडीच्या थरथरीतही बोल्ट टिकून राहतो.

क्लॅम्प घेण्यापूर्वी क्रॅशगार्डच्या नळीचा व्यास व्हर्नियरने मोजावा. २५, ३२ आणि ३८ मिलिमीटरच्या नळ्या नजरेला सारख्याच वाटतात. मोठा क्लॅम्प आत रबर कोंबून बसवला, की पायाच्या भाराने तो फिरतोच. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाय कोठे अडत नाही ना, सायलेन्सरच्या नळीजवळ जात नाही ना, हेही पाहावे.

फूटरेस्टची जागा बदलली, की गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडलही जुळवून घ्यावे लागतात, आणि सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. गिअरच्या जोडदांडीच्या एका टोकाला उलटे आटे असतात. दोन्ही लॉकनट सैल करून दांडी फिरवली, की लिव्हर वर किंवा खाली येतो. ब्रेक पेडलची उंची बदलल्यावर त्याला थोडी मोकळी चाल उरली पाहिजे. ती नसेल तर पॅड डिस्कला सतत घासतात, डिस्क तापते आणि करूळचा उतार संपता संपता ब्रेक ‘हलका’ लागू लागतो. मागच्या ब्रेकदिव्याचा स्विचही याच पेडलशी जोडलेला असतो. तो पुन्हा जुळवला नाही, तर दिवा एक तर कायम पेटलेला राहतो किंवा ब्रेक दाबूनही पेटत नाही.

उद्यमनगरचा मोह

कोल्हापुरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्री आणि लेथचा पसारा पाहता, “विकत कशाला, आपणच करून घेऊ” हा विचार इथल्या माणसाला सहज सुचतो. इथल्या टर्नरच्या हातातील सफाईबद्दल शंका नाही. प्रश्न धातूचा आहे. बीड दाबाला खंबीर, पण धक्क्याला ठिसूळ. बिडात ओतलेला फूटरेस्ट खड्ड्यात उभ्या चालकाच्या पायाखाली तुटू शकतो आणि तुटण्यापूर्वी वाकून सूचनाही देत नाही. करून घ्यायचाच असेल तर ईएन-८ सारख्या पोलादी सळईतून किंवा चांगल्या प्रतीच्या अ‍ॅल्युमिनिअममधून कातून घ्यावा. पिनेच्या भोकाजवळ धारदार कोपरा ठेवू नये, कारण तडा तेथूनच सुरू होतो. ब्रॅकेटवरचे वेल्डिंग हा तर शेवटचा पर्याय. चासीवर वेल्डिंग करूच नये.

पाठीमागे बसणाऱ्याचा विचार या खटाटोपात मागे पडतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण आवश्यक आहे. शोभेसाठी मागचे फूटरेस्ट आणि साडीगार्ड काढून टाकणे या नियमात बसत नाही.

कायद्याची दुसरी बाजू मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मूळ जागीच बसणारा फूटरेस्ट नोंदणीपत्रातील कोणत्याही रकान्याला हात लावत नाही. चासी कापून नियंत्रणे पुढे नेणे ही गोष्ट निराळी. त्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे शहाणपणाचे ठरते.

रबर की धातू, याचे उत्तर पावसावर आणि पादत्राणावर अवलंबून आहे. रबर थरथर शोषते, पण ओले आणि झिजलेले असले की निसरडे होते. दातेरी धातू बुटाच्या तळव्याला घट्ट धरतो. थरथर मात्र थेट पायात उतरवतो. कातडी तळव्याची कोल्हापुरी चप्पल जूनच्या पहिल्या सरीनंतर या दोन्हींवर घसरते.

काम झाल्यावर पहिली फेरी ओळखीच्या, रहदारी नसलेल्या रस्त्यावर आणि कमी वेगाने मारावी; गिअर वर-खाली करून, मागचा ब्रेक एकट्याने दाबून पाहावा. शंभर किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. घाटात जायचे असेल तर ते त्यानंतर.