संपादकाच्या खोलीतून प्रवेश अर्जाकडे

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: पत्रकार कधी वर्गात घडतो का? प्रश्न जुना आहे, पण त्यातून अर्धीच गोष्ट तपासली जाते. विद्यापीठांनी बातमी लिहायला किती शिकवले, यावर वाद घालता येईल. मात्र या अभ्यासक्रमांच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासातला अधिक महत्त्वाचा बदल शिकवणे सुरू होण्याआधीच, प्रवेशाच्या वेळी घडला. या व्यवसायात कोणी यायचे हे ठरवण्याचा अधिकार तोवर फक्त संपादक आणि मालक यांच्याकडे होता; त्यातला काही भाग पहिल्यांदाच एका जाहीर, लेखी प्रक्रियेकडे गेला.

त्याआधीची व्यवस्था कशी होती, हे मराठी वृत्तपत्रांच्याच इतिहासात दिसते. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले. १८८१ साली सुरू झालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर एम.ए. होते. म्हणजे जुने संपादक शिकलेले नव्हते, असे अजिबात नाही. परंतु ‘केसरी’ उभा राहिला तो न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या मित्रमंडळातून, आणि पुढेही बहुतेक ठिकाणी संपादकांच्या परिचयाचे वर्तुळ हीच निवड समिती होती. त्या वर्तुळाबाहेरच्यांना पत्रकार व्हायचे तर स्वतःचे पत्र काढावे लागे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली ‘दीनबंधू’ काढला, डॉ. आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही, अशी तक्रार त्यांनी नोंदवून ठेवली आहे. तानुबाई बिर्जे ‘दीनबंधू’च्या संपादक झाल्या, त्या पती वासुदेवराव यांच्या निधनानंतर. त्यांची गुणवत्ता वादातीत होती, पण एकट्या गुणवत्तेच्या बळावर अर्ज करून आत जाण्याची सोय कुठे नव्हती.

ही सोय प्रथम अमेरिकेत झाली, आणि तिचा पुरस्कार करणारे स्वतः तिच्याशिवाय मोठे झालेले होते, हे लक्षणीय आहे. मिसुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेचे विद्यालय उभारणाऱ्या वॉल्टर विल्यम्स यांच्याकडे महाविद्यालयीन पदवी नव्हती. हंगेरीतून कफल्लक अवस्थेत आलेल्या जोसेफ पुलित्झर यांनी १९०४ साली दीर्घ लेख लिहून पत्रकाराला वकील-डॉक्टरांसारखे शिक्षण हवे, अशी बाजू मांडली. त्यांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठातला वर्ग १९१२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सुरू झाला. कोलंबियाने १९३५ साली तो केवळ पदवीधरांसाठी ठेवला. आधी इतिहास, अर्थशास्त्र किंवा विज्ञान नीट शिका, मग बातमीकडे या, असा त्याचा अर्थ. ब्रिटनमध्ये अशा पदव्युत्तर वर्गाला बराच उशीर झाला. टॉम हॉपकिन्सन यांनी तो कार्डिफमध्ये १९७० साली सुरू केला.

भारतातली सुरुवात अडखळतच झाली. अ‍ॅनी बेझंट यांनी १९२० साली अड्यारच्या राष्ट्रीय विद्यापीठात हा विषय आणला, तर १९३८ साली अलिगढमध्ये निघालेला वर्ग अल्पायुषी ठरला. १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी सुरू केलेला विभाग मात्र टिकला. फाळणीनंतर तो दिल्लीत आला आणि १९६२ साली चंडीगडला गेला. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९५२. त्या वर्षी नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात पत्रकारितेचा विभाग सुरू झाला, आणि त्याच्या उभारणीसाठी सिराक्यूज विद्यापीठाचे रोलंड वूल्सली फुलब्राइट योजनेतून आले होते. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होते आणि तिथे ‘हितवाद’, ‘तरुण भारत’ अशी दैनिके निघत. त्यामुळे मुंबई-पुण्यात ओळखपाळख नसलेल्या विदर्भातल्या पदवीधराला आपल्याच गावात एक रस्ता मिळाला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला वर्ग १९६४ साली आणि दिल्लीतली भारतीय जनसंचार संस्था १९६५ साली सुरू झाली.

यावर पहिला आक्षेप असा, की पदवीला इतके महत्त्व दिले तर ती हळूहळू परवाना होईल. ही भीती खरी आहे. ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीने १९६९ साली पत्रकारांना पदवी सक्तीची केली. ती अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रद्द केली. आपल्याकडेही २०१३ साली प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी किमान पात्रता ठरवण्यासाठी समिती नेमली होती. परंतु १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा पत्रकार ओळखत असे तो त्याच्या कामावरून. वकिलाला लागते तशी पदवी तो मागत नसे. हेच योग्य आहे. सक्ती असती तर भालेकर आणि आंबेडकर यांनी वापरलेला मार्गच बंद झाला असता. माझा मुद्दा म्हणूनच मर्यादित आहे: विद्यापीठाचा वर्ग हा अनेक मार्गांपैकी एक असावा, पण तो असावाच.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शुल्क, इंग्रजी आणि शहरात राहण्याचा खर्च यांमुळे हा मार्गही शेवटी सुस्थितांचाच झाला, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. तरीही दोन निवडींमध्ये एक फरक उरतो. संपादकाने एखाद्याला परत पाठवले तर कारण विचारायची सोय नसे. विद्यापीठाने नाकारले तर पात्रता, गुण, आरक्षित जागा आणि मुलाखतीचा भार कागदावर असतो आणि त्याला आव्हान देता येते. अन्याय दोन्हीकडे होऊ शकतो, पण दाद एकीकडेच मागता येते. म्हणूनच माध्यमसमूहांनी स्वतःच्या संस्था काढून उमेदवार निवडायला सुरुवात केली, तेव्हा नवे फार घडले नाही. निवडीचा अधिकार मालकाकडे परतला आणि त्याचे शुल्क उमेदवाराने भरले. सार्वजनिक विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या विभागाचे मोल मोजायचे असेल, तर तिथून किती नामवंत बाहेर पडले याच्याइतकेच, ज्यांची कोणाशी ओळख नव्हती अशा किती जणांचा अर्ज तिथे निकषांवर तपासला गेला, हेही विचारले पाहिजे.